वाऱ्याच्या बोगद्यातली आमची वाडी

कुणाला चहावर वाटेला लावावं आणि कुणाला पाटावर बसवून जेवायला घालावं, ही अक्कल देव वाटत होता त्या दिवशी मी बहुतेक गैरहजर होतो. शाळेतही तसाच. दुसरीपर्यंत शिकलो असं मी सांगतो, पण ते दुसरीच्या दारापर्यंत. आत मास्तर होते, म्हणून बाहेरूनच परत फिरलो.

तर त्या साहेबाला मी पाटावर बसवला.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमची वाडी मालगुंडाच्या बाजूला, डोंगराच्या मागच्या कुशीत. डोंगराच्या पलीकडे कातळाचा सडा, सड्याखाली समुद्र. डोंगर मध्ये आडवा, म्हणून आम्हाला समुद्र दिसत नाय, पण त्याचा वाराही सरळ अंगावर येत नाय. वाडीत घरटी हापूसची कलमं. माझीही थोडी होती. ती बायकोनं शेण-पाणी घालून वाढवली, मी त्यांच्या सावलीत बसून.

धंदा सुतारकीचा. पण मी केलेलं दार एक तर उघडायचं नाय, नायतर लागायचं नाय. एकाला मी दार करून दिलं तर तो वर्षभर खिडकीतून ये-जा करत होता. मखरं मात्र बरी करायचो. गणपतीच्या मागे थर्माकोलचा कैलास, गुहा, धबधबा. आणि शिमग्याला नमनाच्या खेळात मावशीचं सोंग. नऊवारी नेसायचो, मिशी तशीच ठेवायचो. त्यामुळे मला बघितलं की माणसं आधी हसायची, मग काय काम आहे ते विचारायची.

अशात बातमी आली की सड्यावर रसायनाचा कारखाना येतोय. उंच चिमणी असणार. वाडीत एकच विचार सुरू झाला, त्या चिमणीचा धूर जाणार कुठं? खाऱ्या वाऱ्यानं तो डोंगर ओलांडून आमच्यावर आला तर मोहोर जळणार, मोहोर जळला तर वर्ष गेलं. लोक चिडले. गावकर, म्हणजे आमच्या वाडीचा मानकरी, त्यानं कंपनीला निरोप धाडला की आधी धुराचं बोला, मग आम्ही वाट देतो. सड्यावर जायची गाडीवाट आमच्या वाडीतूनच होती, म्हणून आमच्या होकाराला किंमत.

मग कंपनीनं मुंबईच्या कुठल्याशा संस्थेतला साहेब पाठवला. तरुण, बारीक, चष्मेवाला. गणपतीचे दिवस होते. एका घरी त्यानं माझा कैलास बघितला आणि विचारलं, हा कोणी केला. मला वाटलं, पडला की काय कुणाच्या अंगावर. मी मागच्या दारानं निघालो होतो, त्यानं धरून आणला.

त्यानं मला समजावलं ते असं. हा सडा, हा डोंगर, ही वाडी, सगळं बारीक करून एका तक्त्यावर बनवायचं. मुंबईला त्यांच्याकडे वाऱ्याचा बोगदा आहे, त्यात ते ठेवायचं. एका टोकाला मोठा पंखा. बारक्या चिमणीतून धूर सोडायचा. तिथं तो धूर जिथं उतरेल, तिथंच तो इथं उतरणार.

मी म्हटलं, "म्हणजे कौल."

"कौल म्हणजे?"

मी सांगितलं. आमचा गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. गाऱ्हाणं घालतो, वाडी मागून 'होय महाराजा' म्हणते. उजवी पाकळी पडली तर काम करा, डावी पडली तर नको. साहेब हसला. म्हणाला, "अगदी तेच. फक्त आमचा देव म्हणजे पंखा."

आणि त्यानं देवळाच्या पायरीवर उभं राहून वाडीला शब्द दिला. बोगद्यात धूर वाडीवर उतरला तर चिमणी इथं होणार नाय, ती सड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाईल, जिथं वस्ती नाय. मीच सांगेन कंपनीला, म्हणाला. लोकांना बरं वाटलं. मला सगळ्यात जास्त, कारण साहेबाचा माणूस मी.

काम माझ्या पडवीत सुरू झालं. नकाशावर डोंगर म्हणजे अंगठ्याच्या ठशासारख्या रेघा. एकेका रेघेबरहुकूम एकेक प्लायची फळी कापायची आणि एकावर एक चिकटवत जायची. जशा फळ्या चढत गेल्या तसा माझ्या पडवीत आमचाच डोंगर उगवला. शेजारपाजारचे बघायला यायचे, आपापली कलमं शोधायचे. मी मखराच्या सवयीनं त्यात एक धबधबा काढला. साहेब म्हणाला, इथं धबधबा कुठाय? मी म्हटलं, नाय, पण शोभतो. त्यानं तो माझ्याच हातानं बुजवायला लावला. घरं मात्र ठेवली, कारण वारा घरांना अडखळतो म्हणे. माझ्या घराचं छप्पर मी लाल रंगवलं. बाकी कुणाचं नाय. एवढा मोठेपणा कोण सोडतो.

तो साहेब आमच्याकडेच जेवायचा. कुळथाची पिठी, तिसऱ्यांचं कालवण, तांदळाची भाकरी. माझ्या बायकोला वहिनी म्हणायचा, मला दादा. भाकरी मोडता मोडता आपल्या आईचं दुखणं सांगायचा. एकदा सांगता सांगता त्याचा घास अडकला, तर बायकोनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, धाकट्या दिराच्या फिरवावा तसा. मला भाऊ नाय. मला वाटायला लागलं, झाला. कंपनी येवो न येवो, भाऊ तर आला.

डोंगर तयार झाला. ट्रकनं मुंबईला न्यायचा होता. वाटेत काही निखळलं तर लावायला कोण? दादा. मी डोंगरासोबत ट्रकमध्ये मागे बसून गेलो. हातखंब्याला एकानं विचारलं, काय नेताय? मी म्हटलं, आमची वाडी. तो म्हणाला, मग तू मागे कसा राह्यलास?

बोगदा असा. शेडमध्ये लाकडाची लांबच लांब पेटी, एस.टी.सारखी, बाजूला काचा. एका टोकाला पंखा, त्याची पाती माझ्यापेक्षा उंच. तळाला ओळीनं लाकडी ठोकळे मांडलेले. साहेब म्हणाला, जमिनीवरचा वारा ठेचकाळत येतो, म्हणून त्याला आधी इथं ठेचकाळवायचा. मध्ये गोल तक्ता, तो फिरवला की वारा हव्या त्या दिशेनं लागतो. त्यावर आमचा डोंगर बसवला. वाडीत ठिकठिकाणी सुईसारख्या नळ्या वर काढल्या. त्या हवा ओढणार आणि तिच्यात किती धूर मिसळला ते मोजणार. एक नळी माझ्या लाल छपराला लागून. मी आत शिरलो तो चपला बाहेर काढून. तिथले लोक म्हणाले, शहाणा माणूस आहे, धूळ नेली नाही. धुळीचं मला काय माहीत. मी कौलाला आलो होतो.

पहिल्या चाचणीला कंपनीचा एक मोठा माणूस हजर होता. सफारीतला, पोट पुढे. पंखा सुरू झाला. अगरबत्तीएवढ्या चिमणीतून पांढरा धूर निघाला, वर चढला, वाऱ्याबरोबर डोंगरावर गेला. मी काचेला नाक लावून उभा. डोंगराचा माथा ओलांडला आणि धूर एकदम ढासळला. गरगर फिरला आणि कोंबडी खुराड्यात शिरते तसा वाडीत शिरला आणि बसला. माझं लाल छप्पर दिसेना.

पंखा बंद केला. सफारीवाला साहेबाला बाजूला घेऊन इंग्रजीत बोलत राह्यला. मला इंग्रजी तेवढंच येतं जेवढं सिगारेटच्या पाकिटावर असतं. पण मी घाबरलो नाय. मला वाटलं, चला, डावी पाकळी पडली. चिमणी जाणार पलीकडे. वाडी सुटली.

थोड्या वेळानं साहेब माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, नकाशा जुना निघाला. डोंगर एवढा उंच नाहीये. वरचे थर काढून टाका."

आता खरं म्हणजे त्या डोंगरावर मी जन्मभर गुरं चारली. पण मी विचार केला तो कौलाचा. आमच्याकडे पाकळी मनाजोगी पडली नाय की गुरव म्हणतो, देवाला नीट कळलं नाय, परत लाव. परत लावतात. कधी कधी देव बिचारा कंटाळून द्यायचा तो कौल देतो. त्याच्यात कुणाला काय वावगं वाटत नाय. तर हा माझा भाऊ म्हणतोय परत लाव, म्हणजे लावायचं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही सांगा, समुद्रसुद्धा गुंडाळून देतो." तो हसला नाय. एरवी हसायचा.

मी करवत घेतली, आत शिरलो, डोंगराचा माथा कापला. कानशीनं घासून गोल केला, वर हिरवा रंग दिला. काम इतकं सुबक झालं की मीच दोन पावलं मागे जाऊन बघितलं. हात झाडले आणि चहा प्यायलो.

दुसऱ्या चाचणीत धूर डोंगरावरून सरळ निघून गेला. वाडीच्या वरून, पार लांब, हलक्या पावलानं. नळ्यांना काय लागलं नाय म्हणे. मी टाळ्या वाजवल्या. आता चिमणी इथं झाली तरी आमचं काय बिघडत नाय, उलट पोरांना कामं मिळतात, दोन्ही बाजूंनी फायदा. मी साहेबाच्या खांद्यावर थाप मारली. तो घड्याळाकडे बघत होता.

मी एस.टी.नं घरी आलो तो वाडी देवळात जमलेलीच. गावकरानं मला पुढे उभा केला. बोगदा बघून आलेला वाडीतला एकमेव माणूस. जन्मात पहिल्यांदा लोक माझ्याकडे न हसता बघत होते. मी सांगितलं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय, धूर आपल्यावरून जातो. गावकरानं गाऱ्हाणं घातलं, वाडीनं 'होय महाराजा' म्हटलं, नारळ फुटला. वाट द्यायचं ठरलं.

घरी बायको अंगणात सुकट वाळत घालत होती. मी ओट्यावर बसून तिला सगळं रंगवून सांगितलं. पंखा, ठोकळे, नळ्या. मग माझी कारागिरी. डोंगर कसा कापला, कसा घासला, धूर कसा सुटला. ती ऐकता ऐकता थांबली. मान वर करून समोर डोंगराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अवो," ती म्हणाली, "आनि ह्यो कोन कापनार?"

मी वर बघितलं. डोंगर होता तिथंच होता. माथ्यावर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या.

लोकांना खोटं वाटेल, पण मी तसाच उठलो आणि डोंगर चढलो. खात्री करायला. साहेब म्हणाला नकाशा जुना, तर मधल्या मधे कमी झाला असेल. चढताना मी माझ्या छातीला विचारत होतो, उंच वाटतो काय गं पूर्वीइतका? छाती म्हणत होती, तू बोलू नको, आधी श्वास घे. माथ्यावर पोचून मी कातळावर लोळलो. उठून बघितलं तर खाली सड्यावर चिमणीच्या जागेवर फक्कीचा पांढरा गोल काढलेला. वारा समुद्राकडून येत होता, माझा शर्ट फडफडत वाडीच्या बाजूला. पहिल्या चाचणीतला धूर जसा आला होता, तसा.

कंपनीची सभा होती त्या दिवशी साहेब आला. शाळेच्या पडवीत खुर्च्या मांडत होते. मी त्याला वडाखाली गाठला. मी म्हटलं, साहेब, डोंगर तेवढाच आहे. मी चढून आलो.

त्यानं चष्मा काढला, पुसला. मग म्हणाला, "दादा, तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत."

"काय विचारायचं होतं?"

"का कापायचा ते. तुमचाच डोंगर. विचारलं असतंत, तर कदाचित मी सांगितलं असतं."

मी म्हटलं, आणि पहिला धूर? तो म्हणाला, पहिली चाचणी धरत नाहीत. मी म्हटलं, हे तुम्ही आत उठून सांगा. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हलका, मायेचा.

"सांगून काय होईल? करवत कोणाच्या हातात होती, दादा?"

हे तो वाकडं बोलला असता तर मी दोन शिव्या दिल्या असत्या. तो मऊ बोलला. आईच्या दुखण्याबद्दल बोलायचा त्याच आवाजात.

सभा सुरू झाली. सफारीवाला बोलला, टाळ्या झाल्या. मी मध्येच उभा राह्यलो. म्हटलं, मला सांगायचंय. आणि सांगायला लागलो. पण माझ्या तोंडाला सरळ बोलायची सवय कुठाय? हात आपोआप करवत चालवायला लागले. डोंगराचा माथा काढताना मी वाकलो, तसे मागचे दोघेतिघे हसले. छातीला विचारलं ते सांगितलं तशी अर्धी पडवी हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी म्हणतोय, अरे, धूर आपल्यावर येणार, माझ्या डोळ्यांनी बघितलाय, आणि लोक पोटं धरतायत. मी जितका काकुळतीला येतो तितके ते जास्त हसतात. साहेबही हसला. गावकर सगळ्यांत मोठ्यानं.

"पुरे आता," गावकर म्हणाला, "बाकीचं शिमग्याला कर."

माझ्या मेव्हण्यानं सदरा धरून मला खाली बसवला. कानाशी तोंड आणून म्हणाला, "भावजी, गप ऱ्हावा. माजं नाव लागलंय कंपनीच्या वाचमनात."

मी मान वळवून बघितलं. गावकराचा मोठा मुलगा पहिल्या रांगेत, कंपनीचा बिल्ला लावून. त्याच्या शेजारी गुरवाचा पुतण्या, तोही बिल्ला लावून. मग मला उमगलं. ज्यांना माझं बोलणं समजलं नाय, ते भाबडे गप्प होते, एकमेकांकडे बघत होते. हसले ते समजलेले. माझ्या सोंगाला वाडी इतकी वर्षं हसली, त्यात हे एकदाच हसणं असं होतं की ज्याच्यासाठी मी काही केलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोनं काय झालं विचारलं. मी म्हटलं, खेळ रंगला.

चिमणी उभी राह्यली. वाट आमच्या वाडीतून गेली, ट्रक सुरू झाले. पुढच्या वर्षी थंडी पडली, कलमांना मोहोर आला, कारखानाही सुरू झाला. आणि एका दुपारी खारा वारा सुटल्यावर धूर डोंगराच्या माथ्यावर आला, ढासळला, गरगर फिरला आणि वाडीत येऊन बसला. काचेतून बघितला होता तसाच. बायका वाळत घातलेले कपडे गोळा करून आत पळाल्या. दारं-खिडक्या लावल्या. आमचं दार लागलं नाय, कारण ते मी केलं होतं.

मोहोर आधी पिवळा पडला, मग काळा. हात लावला की भुगा. गावकराच्या कलमांचेही तेच हाल, धुराला मानपान कळत नाय. वाडी कंपनीकडे गेली. कंपनी म्हणाली, तपास करू.

तपासाला आला तो साहेबच. खांद्याला यंत्र अडकवून. वाडीभर फिरला, यंत्र इथं धर, तिथं धर, रुमालात खोकला. आमच्या अंगणात उभा राहून वर डोंगराकडे आणि खाली घराकडे बघत राह्यला. "वहिनी, जरा पाणी द्याल का?" म्हणाला. बायकोनं तांब्या आणून दिला. घरी आलेल्याला आमच्याकडे पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात. तो तिनं आणला नाय.

पाणी पिऊन तो माझ्याजवळ आला. यंत्रातला काटा दाखवत म्हणाला, "दादा, तुमचं ते पहिलं मॉडेल होतं ना, अगदी अचूक होतं. तंतोतंत इथंच पडतोय."

खोटं नाय सांगत, ते ऐकून क्षणभर माझी छाती फुगली. माझ्या कामाला इतकी शाबासकी आधी कुणी दिली नव्हती. तोंडावर हसूही आलं असणार, कारण बायको माझ्याकडे बघत होती. तिनं त्याच्या हातातून तांब्या घेतला. तळाला पाणी होतं ते अंगणात ओतलं, तांब्या राखेनं घासायला बसली, आणि तो वाडीबाहेर जाईपर्यंत घासत राह्यली.